माझी डावी बाजू आणि ‘तो’ सिनेमा

“कपाळाला आठ्या घाला,” डॉक्टर म्हणाले.

आठ्या घालणं हा माझा रोजचा उद्योग आहे. चाकणच्या एका कंपनीत मी प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघते. आमच्याकडे वायरिंग हार्नेस बनतात, म्हणजे गाडीच्या आतल्या सगळ्या वायरींची नीट बांधलेली जुडी. आमची जुडी वेळेवर पोहोचली नाही तर पलीकडे गाड्यांची लाईन थांबते, आणि लाईन थांबली की फोन मला येतो. माझ्या कपाळाकडे बघून लोक रस्ता बदलतात. तेव्हा आठ्या घालायला मला वेगळा प्रयत्न लागत नाही.

डॉक्टरांनी हातात आरसा दिला. उजव्या बाजूला माझ्या नेहमीच्या आठ्या हजर होत्या. डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट होतं.

“आता डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. गाल फुगवा. शिट्टी वाजवा.”

डावा डोळा उघडाच राहिला. दात अर्धे दिसले. गालातली हवा डावीकडून निघून गेली आणि शिट्टीच्या जागी नुसतं फुस्स झालं.

“बेल्स पाल्सी,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला फेशियल नर्व्ह नावाची एक नस असते, ती त्या बाजूचे सगळे स्नायू हलवते. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून ती बाहेर येते. नसेला सूज आली की बोगद्यात ती दाबली जाते आणि अर्धा चेहरा झोपी जातो. सूज का येते, हे पुष्कळदा नक्की सांगता येत नाही.

“मेंदूचा झटका असता तर सहसा कपाळाच्या आठ्या शाबूत राहतात. तुमच्या गेल्यात, ही चांगली गोष्ट आहे.”

“डॉक्टर, आमच्या घरी तर हा सण आहे,” माझा नवरा म्हणाला. सकाळपासून त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आता कुठे त्याच्या तोंडातून शब्द फुटला, तो असा.

मी हसले. आरशात उजवा अर्धा चेहरा हसला आणि डावा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिला. तिथे मात्र मी घाबरले.

त्या दिवशी सकाळी काय झालं होतं ते सांगते, कारण तुमच्या घरी असं झालं तर ओळखायला सोपं जाईल. आदल्या दिवशी डाव्या कानामागे दुखत होतं. कंपनीच्या बसमधल्या एसीचं वारं लागलं असेल, म्हणून मी दुर्लक्ष केलं. सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून गाऊनवर सांडलं. चहाची चव लोखंडासारखी लागली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा कुणी डाव्या कानात भोंगा धरल्यासारखं वाटलं. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्याकडे बघून जागेवर थांबल्या.

“सुमन, तुजं त्वांड वाकडं झालंय गं. वारं गेलं का काय तोंडावरनं?”

आमच्या सासूबाई मूळच्या सांगवीच्या. आता जिथे आमची सोसायटी आहे तिथे त्यांनी लग्नानंतर ज्वारी खुडली आहे. बाकी सगळं बदललं, त्यांची भाषा नाही. ‘वारं गेलं’ म्हणजे लकवा. त्यांनी तो शब्द उच्चारल्याबरोबर प्रकाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडीची किल्ली घेतली. पायात दोन वेगळ्या चपला घालून तो मला हॉस्पिटलात घेऊन गेला.

ते बरोबरच केलं त्याने. मी आठ्यांची गोष्ट सांगितली म्हणून कृपा करून घरी आरशासमोर उभं राहून स्वतःच निदान करू नका. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय जड वाटला, की तडक इमर्जन्सीत जा. झटका आहे की नाही हे त्यांना ठरवू द्या. आणि बेल्स पाल्सी असली तरी औषध लवकर सुरू होणं महत्त्वाचंच असतं.

मला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, सूज उतरवायला. त्या एकदम बंद करायच्या नसतात, हळूहळू कमी करायच्या असतात. या गोळ्यांनी साखर वाढू शकते म्हणून आधी रक्त तपासलं. डोळा मिटत नसल्यामुळे तो कोरडा पडून बुबुळाला इजा होण्याची भीती असते. म्हणून दिवसा थेंब, रात्री मलम, आणि झोपताना पापणी खाली ओढून वर कागदी चिकटपट्टी. चेहरा आज ना उद्या सुधारेल, डोळ्याची हेळसांड मात्र चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

“बरी होईन ना?” मी विचारलं.

“बहुतेक लोक होतात. काही आठवड्यांत हालचाल दिसायला लागते. काहींना महिने लागतात. थोड्यांचं थोडं मागे राहतं. तुम्ही कुठल्या गटात, हे आज मी सांगू शकत नाही.”

डिस्पॅचच्या माणसाला तारीख लागते. ‘सांगू शकत नाही’ हे उत्तर मी आयुष्यात कुठल्याही सप्लायरकडून ऐकून घेतलेलं नाही. इथे ऐकून घ्यावं लागलं.

घरी आल्यावर समाचाराला माणसं आली. कुणी तिळाचं तेल सांगितलं, कुणी जायफळ तोंडात धरायला सांगितलं, कासारवाडीच्या एका मावशींनी कबुतर सांगितलं. कबुतराचं नेमकं काय करायचं हे मी त्यांना विचारलं नाही. आमच्या गॅलरीत रोज पुष्कळ कबुतरं बसतात आणि त्यांच्याशी माझं आधीच वैर आहे, पण इतकंही नाही.

सुट्टी संपवून मी कामावर गेले. पुण्याकडच्या बायकांना स्कार्फ बांधण्याची सवय असते, गाडीवर बसलं की नाकापासून मानेपर्यंत सगळं गुंडाळलेलं. ती सवय कामी आली. कंपनीच्या बसमध्येही मी स्कार्फ सोडला नाही. धूळ आहे म्हणून सांगायचे.

आमच्याकडे रोज सकाळी लाईन सुरू होण्याआधी शॉपफ्लोअरवर मीटिंग होते. काल काय गेलं, आज काय जायचं, कुठे अडलं, हे उभ्याउभ्या मोठ्या आवाजात सांगायचं. ती मीटिंग मी घेते. किंवा घेत होते. प, ब, म हे ओठ मिटून म्हणायचे उच्चार मला जमेनात. बंपर, पंप, पॅकिंग हे आमचे दिवसभराचे शब्द, आणि प्रत्येक शब्दाबरोबर डावीकडून हवा सुटायची. पहिल्या दिवशी पोरं ऐकताना खाली बघत होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“सुमनताई, थोडे दिवस तुम्ही आतच बसून प्लॅनिंग बघा. मीटिंग साळुंखे घेईल. तुम्हालाच त्रास नको.”

साळुंखे आमचा लाईन लीडर, बीडकडचा, सज्जन माणूस. साहेबही वाईट बोलले नव्हते. पण मला कळलं की आता प्रश्न नुसता आरशाचा राहिलेला नाही. चेहरा परत आला नाही तर मी आतच बसणार. वीस-पंचवीस वर्षं ज्या फ्लोअरवर उभं राहून कमावलं तिथून आत.

मग मी माझ्या पद्धतीने उपाय केला, आणि चूकही माझ्याच पद्धतीने केली.

फिजिओथेरपीची तारीख थोडी पुढची मिळाली होती. तोवर रिकामं कशाला बसायचं? इंटरनेटवरून चेहऱ्याचे व्यायाम काढले आणि लाईनवर लावतो तसा तासवार बोर्ड तयार केला. भुवया उचलणे, नाक मुरडणे, गाल फुगवणे, ओठांचा चंबू. प्रत्येकाचं टार्गेट ठरवलं. ऑफिसात राहिलेलं संध्याकाळी घरी, ओव्हरटाइम. रविवारी बॅकलॉग. डावी बाजू हलत नव्हती, म्हणून उजव्या बाजूने दुप्पट जोर लावून तिला ओढत होते. जबडा दुखायला लागला, तसं मला बरंच वाटलं. दुखतंय म्हणजे काम होतंय.

फिजिओथेरपिस्ट मानसी मॅडम वयाने लहान, आवाजाने त्याहून लहान. मी बोर्डाचा फोटो दाखवला. कौतुक होईल अशी अपेक्षा होती.

“हे आजपासून बंद,” त्या म्हणाल्या.

“कमी करू?”

“बंद. ताई, नस अजून उठलेली नाही. तुम्ही फक्त उजव्या बाजूला पहिलवान करताय. आणि नस उठेल तेव्हा असा जोर लावलात तर सिनकायनेसिसची भीती असते. म्हणजे चुकीची जोडणी. ओठ हलवायला जाल आणि डोळा मिटेल.”

चुकीची जोडणी म्हणजे काय हे मला कुणी समजावायला नको. इंडिकेटरची वायर वायपरच्या पिनला बसली की काय होतं, हे आम्ही नवीन मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. आमच्याकडे तसा हार्नेस नापास मालाच्या लाल पेटीत टाकतात. माझा चेहरा कुठल्या पेटीत टाकणार?

“मग करू काय?”

“आता फक्त हलका मसाज. डोळ्याची काळजी. हालचाल दिसायला लागली की या कागदावरचे व्यायाम, आरशासमोर, अगदी हळू, थोडा वेळ, दोन्ही बाजूंना सारखं. आणि खूश राहा.”

औषधांच्या चिठ्ठीत ‘खूश राहा’ हे मी कधी पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्यावर मी प्रकाशला म्हणाले, “हे कसं मोजायचं?” त्याने गाडी सुरू केली.

आता ‘तो’ सिनेमा आला पाहिजे.

त्याचं नाव मी लिहिणार नाही, इतक्या वर्षांची अब्रू आहे. हिंदी आहे, गाण्यांचा आहे, आणि वाईट आहे. मी उदगीरला कॉलेजात असताना मामेबहिणीबरोबर पाहिला. नायक हृदयाचा डॉक्टर असतो आणि फावल्या वेळात गाण्याच्या स्पर्धा जिंकतो. नायिकेची वाचा धक्क्याने जाते आणि हेलिकॉप्टरमध्ये परत येते. त्या हेलिकॉप्टरच्या आवाजात तिला कुणाचंच काही ऐकू जायला नको, तरी ती थेट वरच्या पट्टीत गाते. परदेशातल्या म्हणून दाखवलेल्या एका गाण्यात मागे ‘ताजा उसाचा रस’ अशी मराठी पाटी आहे. पावसाच्या गाण्यात पाऊस फक्त नायिकेवर पडतो, हातभर अंतरावरचा नायक कोरडा ठणठणीत. आणि सगळ्या गाण्यांत ओठ आवाजाच्या मागून येतात. आवाज पुढे जातो, तोंड धावत धावत त्याला गाठतं.

मला हे सगळं माहीत आहे. तरीही तो सिनेमा लागला की मी हरखून बघत बसते. विशेषतः सायकलवरचं गाणं. नायिका शहरभर सायकल फिरवते, कडव्याच्या शेवटी नायकाकडे बघून शिट्टी वाजवते आणि त्याच वेळी डोळा मारते. ती शिट्टी मी तेव्हाच शिकले होते. वडिलांनी ऐकली तेव्हा घरात गदारोळ झाला, म्हणून पुढे फक्त न्हाणीघरात वाजवायचे. डोळा मारणं मात्र कधीच जमलं नाही. एक मिटायला गेले की दोन्ही मिटायचे.

आमच्या घरात असा सिनेमा चालण्यासारखा नाही. प्रकाश पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो आणि त्याचा जीव शास्त्रीय संगीतात आहे. शेतकऱ्याच्या घरात त्याने हौसेने, कष्टाने ते कान कमावलेत. रविवारी सकाळी आमच्या घरात तानपुरा असतो. तिथे मी हेलिकॉप्टर कुठे उतरवणार? म्हणून सिनेमा माझ्या फोनमध्ये ‘ऑडिट ट्रेनिंग भाग दोन’ या नावाने ठेवलेला होता.

व्यायाम बंद, बोर्ड बंद. एका सुट्टीच्या दुपारी मी बेडरूमचं दार लोटलं, हेडफोनचा एकच बोळा उजव्या कानात घातला, कारण डाव्या कानाला अजून आवाज सोसत नव्हता, आणि ऑडिट ट्रेनिंग सुरू केलं.

सायकलचं गाणं आलं. नायिकेचे ओठ नेहमीसारखे मागून येत होते. आणि मला एकदम तिच्याबद्दल इतकी माया वाटली. बाई गं, तुझंही तसंच की! माझेही ओठ मागूनच येतात. तू मात्र त्याची फिकीर न करता सायकल चालवते आहेस.

मी हसत होते की रडत होते, आठवत नाही. डावा डोळा तसाही सारखा वाहत असायचा. मागून आवाज आला.

“कोन बाई ही? ती हेलिकॉप्टरवाली न्हवं?”

सासूबाई दारात उभ्या होत्या. मी फोन उशीखाली सारला. पन्नाशीची बाई, चोरी पकडल्यासारखी.

“आई, ते कंपनीचं ट्रेनिंग आहे.”

“व्हय, तर! सायकलवर बसून ट्रेनिंग देतीया. काढ तो फोन. आमी हा पिच्चर चिंचवडला जाऊन पायला हुता. तुजे सासरे म्हनले, लई भिकार हाय. मी म्हनलं, तुमी उठा, मी बसते.”

“मग?”

“मग काय, बसले त्ये बी. शेवटापरेंत.”

त्या दिवसापासून सिनेमा उशीखालून हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर आला. आवाज बारीक, मी आणि सासूबाई सोफ्यावर, पुढ्यात एक आरसा. सासूबाईंना व्यायामाचं कळलं तेव्हा त्यांनी स्वतःहून नायकाकडे बोट दाखवलं. “ह्याच्यासारखं करायचं. ह्यो बघ कसा सगळं थोबाड वापरतोय.” खरं होतं ते. नायक ‘मला भूक लागली आहे’ हे सांगायलासुद्धा भुवया केसांपर्यंत नेतो. भुवया, नाक, गाल, ओठ, मानसी मॅडमच्या कागदावरचं सगळं त्याच्या एका कडव्यात होतं.

मी आधी मॅडमना फोन करून विचारलं, कारण एकदा अंगाशी आलेलं होतं. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, “खरं तर हालचाल दिसेपर्यंत थांबायचं, पण एवढं चालेल. एक गाणं, जोर न लावता. पण गाणं फास्ट आहे का? फास्ट नको. हळू पाहिजे.”

इथे अडलं. सिनेमातलं एकही गाणं हळू नाही. अंगाईसुद्धा पळत पळत म्हटली आहे.

अशाच एका संध्याकाळी आम्ही दोघी टीव्हीकडे बघून तोंडाचा ओ करत होतो आणि प्रकाश कॉलेजातून लवकर आला. पिशवी हातातच. त्याने टीव्हीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“हे काय चाललंय?”

“दवापानी,” सासूबाई म्हणाल्या. “हातपाय धू, च्या ठेव.”

त्याने चहा ठेवला नाही. तो तिथेच खुर्चीवर टेकला. एक कडवं त्याने कसंबसं सोसलं. दाढ दुखणारा माणूस ऊस खाताना बघावा तसा त्याचा चेहरा झाला होता. मी आता टोमण्याची वाट बघत होते.

“सुमन,” तो म्हणाला, “हे तुला बरं वाटतं?”

“हो,” मी म्हणाले. “पहिल्यापासून. उदगीरपासून.” एवढं बोलायला मला लग्नानंतर पंचवीस वर्षं लागली.

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “तुला हळू करायचंय ना? मग हे असं द्रुत लयीत घेऊन कसं चालेल? विलंबितात घ्यायला हवं.” त्याने रिमोट उचलला, कुठेतरी काहीतरी दाबलं, आणि गाण्याचा वेग अर्धा केला.

काय सांगू! नायकाचा आवाज पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा आला. नायिका सायकलवरून पडते की काय इतकी सावकाश चालली. पण त्या लयीत प्रत्येक ओ, प्रत्येक भुवई, प्रत्येक गाल नीट, वेगवेगळा, आरशात मिळवून बघता येत होता. सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. प्रकाश मांडीवर ताल धरून गंभीरपणे म्हणाला, “आता कसं भारदस्त वाटतंय.”

आमचं रोजचं तेच झालं. जेवण्याआधी एक गाणं, अर्ध्या वेगात, एकदाच. कधी मला दुसऱ्यांदा करावंसं वाटलं तर सासूबाई रिमोट पदराखाली घ्यायच्या. “टार्गेट न्हाई द्यायचं. डाक्टरीन काय म्हनली?”

पण हालचाल दिसत नव्हती. आठवडे चालले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अजून काळजीचं कारण नाही, पण बरेच दिवस असंच राहिलं तर नर्व्ह कंडक्शन स्टडी करू, म्हणजे नसेतून विजेचा संदेश कितपत पोहोचतो ते मोजण्याची तपासणी. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसून मी माझ्यासारखे चेहरे शोधायचे. एकदा एक रिक्षावाले काका भेटले, त्यांची उजवी बाजू गेलेली. ते म्हणाले, “राव, आपण दोघं मिळून एक पूर्ण माणूस होतो.” आम्ही दोघं आपापल्या चालू बाजूने हसलो. त्या दिवशी घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं की असंच राहिलं तरी मरत नाही माणूस. पण राहू नये असं वाटणं काही थांबलं नाही.

आणि मग एके दिवशी, नायकाच्या त्या म्हशीच्या आवाजातल्या लांबलचक ‘ओ’ला, माझ्या डाव्या ओठाचा कोपरा थरथरला. टेबलावर फोन व्हायब्रेट व्हावा इतकाच.

भास असेल. पण पेपरआड बसलेल्या, गाण्याकडे आपलं लक्ष नाही असं दाखवणाऱ्या माझ्या नवऱ्याने पेपर खाली टाकला.

“थांब. परत घे.”

त्याने गाणं मागे नेलं. तोच ओ आला. तोच कोपरा, तेवढाच, पण आला.

“आली,” प्रकाश म्हणाला. “उशिरा आली, पण समेवर आली.” आणि चष्मा पुसायला आत गेला.

सासूबाईंनी टीव्हीवरच्या नायकाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. त्या माणसाची आयुष्यात कुणी अशी दृष्ट काढली नसेल.

पुढचं हळूहळू होत गेलं. आधी कोपरा, मग गाल, मग नाक. डोळा मिटायला लागला आणि चिकटपट्टी गेली. चहाला चहाची चव आली. प आणि ब परत आले. म सगळ्यात शेवटी आला. एका सकाळी मी साहेबांच्या केबिनच्या दारात उभी राहून म्हणाले, “बंपर, पंप, पॅकिंग मटेरियल.” त्यांनी क्षणभर बघितलं आणि मान डोलावली. मी खाली फ्लोअरवर गेले. मीटिंग सुरू करायला साळुंखे पुढे झाला होता, तो दोन पावलं मागे सरकून म्हणाला, “या मॅडम, तुमची जागा धरून ठेवली होती.” त्याला पाहून मी आठ्या घातल्या. दोन्हीकडच्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शिट्टी मात्र राहिली होती.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. वायरींची टोकं दाबून बसवणाऱ्या क्रिम्पिंग मशीनला झेंडूच्या माळा, टेस्टिंग बोर्डाला हळदकुंकू, पेढे, ग्रुप फोटो. फोटोत मी पहिल्या रांगेत होते, स्कार्फ पर्समध्ये. अर्ध्या दिवसाने बस सुटल्या. आमच्या बसलाही पुढे माळ बांधलेली होती. मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये बस अडकली आणि ड्रायव्हरने रेडिओ लावला.

सायकलचं गाणं! पूर्ण वेगात. किती महिन्यांनी मी ते खऱ्या वेगात ऐकत होते.

“काय राव, कुठली बेकार गाणी लावतात,” साळुंखे शेजारच्या सीटवरून म्हणाला. पण त्याचा पाय ठेका धरत होता, ते मी बघितलं.

कडवं संपत आलं. मी काही ठरवलं नव्हतं. ओठांचा चंबू केला, जोर न लावता, दोन्ही बाजूंना सारखा, मानसी मॅडमनी सांगितला तसा. हवा आली. आणि शिट्टी वाजली. बेसूर, पण बसच्या मागच्या सीटपर्यंत गेली.

त्याच वेळी माझा डावा डोळा आपोआप मिटला.

साळुंखेने तोंडाचा आ केला. “मॅडम! तुम्ही… तुम्ही डोळा मारला?”

थोडी चुकीची जोडणी राहिली आहे. मानसी मॅडमनी पुढच्या भेटीत ती तपासली. थोडी अजून कमी होईल, थोडी कदाचित कायम राहील, असं म्हणाल्या. शिट्टी वाजवली की डावा डोळा मिटतो. बाकी वेळी कुणाला कळतही नाही. आमच्या कंपनीत असा हार्नेस लाल पेटीत गेला असता.

पण त्या क्षणी बसमध्ये मला पेटी आठवली नाही. मला उदगीरचं थिएटर आठवलं. शिट्टी आणि डोळा, दोन्ही एकत्र, ऐन कडव्याच्या शेवटी. कॉलेजात असताना आरशासमोर किती खटपट केली होती, कधी म्हणजे कधी जमलं नव्हतं.

“मारला नाही रे भावा,” मी साळुंखेला म्हणाले. “तो आता असाच येतो.”

आणि पुढच्या कडव्याच्या शेवटी पुन्हा वाजवली.

तुमच्यापैकी कुणाचा चेहरा आज आरशात अर्धाच हसत असेल तर एवढंच सांगेन. औषध वेळेवर घ्या, डोळा जपा, फिजिओला विचारल्याशिवाय ओव्हरटाइम करू नका. आणि फोनमध्ये खोट्या नावाने ठेवलेला तुमचा जो कुठला सिनेमा असेल, तो बाहेर काढून मोठ्या टीव्हीवर लावा. घरातली माणसं हसतील. त्यांना शेजारी बसवून घ्या. माझे डॉक्टर, मानसी मॅडम, रिमोट पदराखाली घेणाऱ्या सासूबाई आणि म्हशीच्या आवाजातल्या गाण्याला ताल धरणारा माझा नवरा, या सगळ्यांची मी ऋणी आहेच. पण पहिला नमस्कार त्या नायिकेला. ओठ मागे राहिले तरी तिने सायकल थांबवली नाही.

रविवारी आमच्या घरी अजूनही सकाळी तानपुरा असतो. संध्याकाळी हेलिकॉप्टर उतरतं.